नवरा सापडलाय, पण कॅनडाच्या फॉर्मवर तो 'बेपत्ता' आहे. सांगायचं की नाही?

लोकमान्यनगरची काकू (इंदूर)

नमस्कार. विषय इंदूरचा नाही पण विचारणारी इंदूरची आहे म्हणून इथेच टाकतेय, कुणी हलवू नका प्लीज.

मी रिटायर्ड शिक्षिका, चौतीस वर्षं गणित शिकवलं. मुलगी कॅनडात असते, हॅमिल्टनला. तिकडे पाच जणांनी मिळून एखाद्या रेफ्युजी कुटुंबाला स्पॉन्सर करता येतं, त्याला ग्रुप ऑफ फाइव्ह म्हणतात, म्हणजे पहिलं एक वर्ष घरभाडं, किराणा, मुलांची शाळा, डॉक्टर, सगळं त्या पाच जणांच्या गळ्यात. हिने आणि हिच्या ऑफिसातल्या चौघांनी २०२४ च्या जूनमध्ये दिल्लीतल्या एका अफगाण बाईचा अर्ज भरला. बाई भोगलला राहते, मोठा मुलगा आणि धाकटी मुलगी, मुलगी अकरा वर्षांची. मी दोनदा भेटलेय तिला, नणंद दिल्लीला असते तेव्हा. मी रतलामी शेव नेली होती तर तिने बोलानी करून घातली, बटाट्याची, आपल्या पराठ्याची मावसबहीणच. हिंदी इतकी साफ बोलते की माझी मराठी वळणाची हिंदी ऐकून मुलगा हसला आणि आईने त्याला डोळे वटारले.

ती इथे आली जुलै २०२१ मध्ये, मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी. नवऱ्याचाही व्हिसा झालेला होता, पण तो दुकान आवरून मागून येणार होता. पंधरा ऑगस्टला काबूल पडलं आणि २५ ऑगस्टला आपल्या सरकारने भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसे रद्द केले. व्हिसा पासपोर्टात चिकटवलेला, आणि काही उपयोग नाही. मग तो इराणला गेला, मशहदला बांधकामावर. २०२३ पासून फोन बंद. कुणी म्हणे तुर्कीकडे गेला, कुणी म्हणे गेलाच. यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची रेफ्युजींसाठीची संस्था, तिच्या इंटरव्ह्यूत बाईने जे खरं होतं तेच सांगितलं, नवरा बेपत्ता. कॅनडाच्या फॉर्मवरही तेच.

आणि आता तो सापडलाय. इराणने २०२५ मध्ये लाखो अफगाणांना हाकलून परत पाठवलं ना, त्यात हा पण. हेरातला आहे, कुणाच्या तरी फोनवरून चुलतभावाला गाठलं, चुलतभावाने हिला. ती मला फोनवर सांगत होती आणि रडत होती का हसत होती तेच कळेना.

आता प्रश्न. तिच्या गल्लीतले सगळे म्हणतात बोलू नकोस, फाइल शून्यावर येईल. माझ्या मुलीच्या ग्रुपमध्ये पण दोन मतं आहेत, एक जण म्हणतो व्हिसा हातात पडू दे मग सांगू. माझं गणिती डोकं म्हणतं की चूक लपवली की पुढच्या प्रत्येक पायरीला ती गुणली जाते. पण मला इमिग्रेशनमधलं काही कळत नाही, उगाच शहाणपणा करून त्या बाईचं वाटोळं नको.

दुसरं, मुलगी ज्या संस्थेशी जोडलेली आहे ती सारखी ईमेल पाठवते, खासदारांना पत्र लिहा, सही करा, कुटुंबं एकत्र आणा. सह्या करून कुणाचं काही होतं का हो? आणि इथून थोडे पैसे द्यायचे तर कसे द्यायचे? ह्यांचं मत, 'पेन्शन आपली, पुण्य कॅनडाचं'.

पलसीकरवाला भिया (इंदूर)

काकू नमस्कार, मी तुमच्या इथून दहा मिनिटांवर. माझा सल्ला, गप्प रहा. का ते सांगतो.

आमच्या बिल्डिंगच्या मागे पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं आहेत, इंदूरमध्ये किती आहेत तुम्हाला माहीतच आहे, सिंधी कॉलनी, जयरामपूर, सगळीकडे. एलटीव्हीवर राहतात, म्हणजे लाँग टर्म व्हिसा. एका शेजाऱ्याची नागरिकत्वाची फाइल मी स्वतः त्याच्यासोबत घेऊन फिरलोय. सगळं ठीक चाललेलं, मधेच त्याला वाटलं बापाच्या नावाचं स्पेलिंग एका कागदावर वेगळं आहे ते सुधारून घेऊ. झालं. सुधारायला अर्ज दिला आणि फाइल वर्षभर कुठल्या तरी कपाटात झोपली. त्या दिवसापासून माझा नियम, चालत्या फाइलला हात लावायचा नाही.

आणि हे फॅमिली तुटणं काय असतं ते पण जवळून पाहिलंय. त्याची बायको आणि लहान मुलगी फेब्रुवारी २०२० मध्ये घोटकीला गेल्या, तिची आई आजारी होती. एलटीव्हीवाल्याला पाकिस्तानात जाऊन परत यायचं तर नोरी नावाचा शिक्का लागतो, नो ऑब्जेक्शन टू रिटर्न टू इंडिया, आणि त्याची मुदत असते मोजून. मार्चमध्ये लॉकडाऊन, अटारी बंद, तिथेच नोरी संपली. म्हणजे घर इथे, नवरा इथे, मोठा पोरगा इथे, आणि बाई ज्या देशाचा पासपोर्ट आहे त्या देशात परदेशी असल्यासारखी अडकून बसलेली. शेजारी रोज रात्री गॅलरीत उभा राहून व्हिडिओ कॉल करायचा आणि आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून हळू बोलायचा, तरी सगळं ऐकू यायचं. ती परत आली तेव्हा पोरगी बापाला ओळखेना, म्हणजे ओळखायची पण फोनमधलाच समजायची.

२०२५ मध्ये पहलगाम झाल्यावर परत तीच धडकी. पाकिस्तान्यांचे व्हिसे रद्द म्हटल्यावर हा रात्री साडेअकराला माझ्या दारात, हातात प्लास्टिकची थैली, थैलीत सगळे कागद. हिंदूंचे एलटीव्ही चालू राहतील असं सरकारने नंतर स्पष्ट केलं तेव्हा कुठे जेवला. म्हणून म्हणतो, काकू, कागदाशी खेळू नका.

साफबात (इंदूर)

राग मानू नका पण आपल्याकडे काय कमी दुःखी लोक आहेत? एमवाय हॉस्पिटलच्या बाहेर रात्री जाऊन बघा फुटपाथवर किती झोपलेत. अफगाण, कॅनडा, कुठून कुठे. आणि या संस्था म्हणजे अर्ध्या दुकानं असतात. मी बँकेत होतो, लई खाती बघितली आहेत असली.

कुतुबमिनारखाली (मूळ इंदूर, आता दिल्ली)

काकू, सांगायचंच. आणि लवकर. पलसीकर भियाचा शेजाऱ्याचा अनुभव खरा आहे पण तो स्पेलिंगचा होता, इथे माणूस आहे.

मी वकील आहे, दिल्लीत रेफ्युजींच्या केसेसमध्ये थोडंफार काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर वगळा. कॅनडाच्या कायद्यात नियम असा आहे की मुख्य अर्जदार तिथे कायमची रहिवासी होईपर्यंत कुटुंबातला प्रत्येक माणूस फॉर्मवर जाहीर झाला पाहिजे, सोबत येत असो नसो, हरवलेला असो, भांडून गेलेला असो. जो जाहीर नाही तो तपासला गेला नाही, आणि जो तपासला गेला नाही त्याला पुढे कुटुंबीय म्हणून स्पॉन्सर करता येत नाही. म्हणजे गल्लीवाले म्हणतात तसं गप्प राहून ती कॅनडाला पोचली आणि मग म्हणाली की माझा नवरा हेरातला आहे, तर उत्तर येणार की तुमच्या फाइलप्रमाणे तो नाहीच. वर मुद्दाम लपवलं असं ठरलं तर चुकीची माहिती दिल्याचा ठपका, त्याची शिक्षा पाच वर्षं दार बंद.

उलट आत्ता कळवलं तर? आत्तापर्यंत तिने खोटं काहीच सांगितलेलं नाही. बेपत्ता होता तेव्हा बेपत्ता सांगितला, सापडला तेव्हा सापडला सांगायचं, परिस्थिती बदलली इतकंच. फाइल थोडी रेंगाळेल, शून्यावर येत नाही. आणि एक गोष्ट लोकांना माहीतच नसते, नवऱ्याने स्वतः रेफ्युजी ठरायची गरज नाही. तो हेरातला म्हणजे स्वतःच्याच देशात आहे, त्यामुळे त्याला एकट्याला अर्ज करताच आला नसता, पण बायकोच्या अर्जातला नवरा म्हणून चालतो. तिच्यासोबत नाही जमलं तर ती तिथे पोचल्यापासून एका वर्षाच्या आत त्याच्यासाठी अर्ज टाकायचा, त्याला वन इयर विंडो म्हणतात. वर्ष चुकलं की ती खिडकी बंद, मग लांबचा रस्ता. मुलीला सांगा कॅलेंडरवर आत्ताच लाल गोल करून ठेव म्हणून.

अडचण कुठे येईल तर बायोमेट्रिकला. कॅनडाची काबूलमधली वकिलात २०२१ पासून बंद आहे, अफगाणिस्तानात बोटांचे ठसे द्यायची सोय नाही, म्हणजे त्याला कुठल्या तरी शेजारच्या देशात जाऊन द्यावे लागतील, आणि आत्ताच तर एका शेजाऱ्याने हाकललंय. हे कसं सुटेल ते तेव्हाच्या तेव्हा बघावं लागतं.

कळवायचं दोन ठिकाणी. एक, वसंत विहारच्या यूएनएचसीआर ऑफिसला, तिथली नोंद पण बदलली पाहिजे. दोन, मुलीच्या ग्रुपने कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला. दोन्हीकडची गोष्ट शब्दाला शब्द नाही पण तारखेला तारीख जुळली पाहिजे. आणि ग्रुपला हेही सांगा की बजेटमध्ये एक माणूस वाढला, मागून येणाऱ्या नवऱ्याचा खर्चही स्पॉन्सरवरच येतो.

आणि कुणी 'मी आतून काम करून देतो' म्हणून पैसे मागितले तर सरळ हाकला. यूएनएचसीआरचं नोंदणीपासून रीसेटलमेंटपर्यंत, म्हणजे तिसऱ्या देशात कायमचं वसवण्यापर्यंत, सगळं फुकट असतं. भोगल-लाजपत नगरमध्ये असले दलाल गल्लोगल्ली आहेत, बायकांच्या बांगड्या गेल्यात त्यांच्यापायी.

पलसीकरवाला भिया (इंदूर)

वकीलसाहेब मान गए. शेजाऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला माणूस लपवता येत नाही, नाव चुकलं तर चालतं. माझा सल्ला मागे घेतला काकू.

दांडियाबाजार (बडोदा)

ताई, आमच्या बडोद्याचा अनुभव सांगतो, कदाचित उपयोगी पडेल.

इथे एम. एस. युनिव्हर्सिटीत अफगाण पोरं स्कॉलरशिपवर शिकायला येतात, बरीच वर्षं येतात. २०२१ ला त्यातला एक आमच्या वरच्या खोलीत भाड्याने होता, अर्थशास्त्रात एम.ए. करत होता. पंधरा ऑगस्टला आमच्याकडे झेंडावंदन करून आलो, जिलबी-फाफडा चालू, आणि हा जिन्यात बसलेला, मोबाइलकडे नुसता बघत. लग्न होऊन आठ महिने झालेले, बायको काबूलला. व्हिसे रद्द झाले म्हटल्यावर तिने नवीन ऑनलाइन व्हिसासाठी अर्ज केला, उत्तरच नाही. दिवसातून चारदा लॉगिन करायचा पोरगा. आमची ही त्याला म्हणायची अरे बाळा आधी जेव, मग बघ, तेवढ्यात काही बदलत नाही, पण त्याला कुठे धीर.

सांगायचं ते असं की पुढे एका तिसऱ्या देशात त्याला जागा मिळाली तेव्हा बायकोला बोलावताना त्यांनी विचारलं, हे लग्न खरं चालू आहे याचा पुरावा काय? निकाहनामा होता, पण आठ महिन्यांचा संसार आणि तीन वर्षं वेगळे, शंका येणारच. तेव्हा कामी काय आलं माहितीय, कॉलचे स्क्रीनशॉट. माझ्या वायफायवरून दर रविवारी दोन तास बोलायचा, ते सगळं त्याने महिन्यामहिन्याचं फोल्डर करून ठेवलं होतं. शिवाय हवाला-बिवाला न करता जिथे पावती मिळेल तिथूनच पैसे पाठवायचा, त्या पावत्या. आणि मी घरमालक म्हणून एक पत्र दिलं होतं की या मुलाला मी रोज बायकोशी बोलताना पाहतो, आमच्या घरातल्या गौरीला तिने व्हिडिओवरून नमस्कार केला होता तेही लिहिलं, खरं होतं म्हणून लिहिलं. वाचणाऱ्याला गौरी म्हणजे काय कळलं असेल नसेल, देव जाणे.

तर तुमच्या बाईला सांगा, पहिल्या फोनपासून सगळं जपून ठेवायला सुरुवात कर. २०२३ ते आत्तापर्यंतची जी पोकळी आहे ती लपवू नका, चुलतभावाकडून लेखी घ्या की कधी, कुठल्या नंबरवरून फोन आला.

आणि साफबात भाऊ, तुम्हाला एक सांगायचं. माझं आजोळ कोल्हापूर. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे पाचेक हजार लोक वळीवड्याच्या कॅम्पात राहत होते, १९४३ ते ४८, बहुतेक बायका आणि पोरं, पुरुष लढाईवर नाहीतर सैबेरियात मेलेले. माझी आजी सांगायची त्या बायका बाजारात मोडकीतोडकी मराठी बोलून भाजीचा भाव करायच्या आणि भाव पाडण्यात आपल्या बायकांना हार जायच्या नाहीत. तेव्हा कोल्हापुरात काय गरीब नव्हते? तरी झालं ना. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, जाल तेव्हा बघा.

साफबात (इंदूर)

मी मदत करू नका असं म्हटलं नव्हतं. डोळे उघडे ठेवून करा म्हटलं होतं. असो.

काकू, पैशाचं विचारलंत ते कुणी सांगितलंच नाही अजून म्हणून मी सांगतो. मुलीला पाठवायचे असतील तर सरळ तुमच्या बँकेतून, एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, गिफ्ट म्हणून. पॅन लागेल, ए-टू फॉर्म भरायचा, झालं. तुमच्या आकड्यासाठी मर्यादेची काळजीच नको. कॅनडाच्या संस्थेला थेट दिले तर तेही जातील पण इथे ८०जीची करसूट मिळणार नाही, ती फक्त इथल्या मान्यताप्राप्त संस्थांना. आणि भोगलच्या बाईला द्यायचे तर दिल्लीला जाल तेव्हा हातात द्या, तिचं बँक खातं नसेलच, यूएनएचसीआरच्या कार्डावर आधार होत नाही आणि आधारशिवाय आजकाल काय होतं. दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नका, मधला माणूस कापून घेतो. सांगितलं ना, लई खाती बघितलीत.

लोकमान्यनगरची काकू (इंदूर)

सगळ्यांचे आभार मानायला जमेल तेव्हा मानते, आधी एक नवीन घोळ. वकीलसाहेब म्हणाले तारखेला तारीख जुळली पाहिजे म्हणून मी बाईकडून सगळे कागद व्हॉट्सअॅपवर मागवले आणि मास्तरकी सुरू केली.

मुलाच्या तजकिऱ्यावर, म्हणजे त्यांचं ओळखपत्र, जन्मतारीखच नाही. तिथे लिहिलंय 'सन १३९० मध्ये वय पाच'. म्हणजे जन्म १३८५ चा. यूएनएचसीआरच्या कार्डावर १ जानेवारी २००६. दिल्लीच्या शाळेच्या दाखल्यावर २००७. मी म्हटलं तीन कागद, तीन पोरं!

मग बसले वहीपेन घेऊन. त्यांचं वर्ष २१ मार्चला सुरू होतं, आपल्या पाडव्याच्या आसपास. १३८५ म्हणजे २१ मार्च २००६ ते २० मार्च २००७. कुणीतरी १३८५ मध्ये ६२१ मिळवले आणि २००६ लिहून टाकलं, दिवस माहीत नाही म्हणून १ जानेवारी, पण १ जानेवारी २००६ ला तर त्यांचं १३८४ चालू होतं! अगदी आपल्या जुन्या पत्रिकांसारखं, माझ्या मोठ्या जावेच्या पत्रिकेत शके १८७९ आहे, सगळे अठ्ठ्याहत्तर मिळवून १९५७ धरतात, पण तिचा जन्म माघातला, म्हणजे १९५८. तिची पेन्शन वर्षभर आधी सुरू झाली ती त्यामुळेच, आणि ती अजून तक्रार करते की वर्षभराचा पगार बुडाला.

आता मी त्यांना हे दुरुस्त करायला सांगू का? आईला विचारलं तर म्हणाली बर्फ होता. म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी काहीतरी, म्हणजे २००७ जास्त जवळचं वाटतं. वयाने काही बिघडतं का?

कुतुबमिनारखाली (मूळ इंदूर, आता दिल्ली)

काकू तुम्ही रिटायर व्हायला नको होतं.

कार्डावरची तारीख बदलायला जाऊ नका. एकदा जी तारीख यूएनएचसीआर आणि कॅनडा दोघांकडे गेली ती गेली, ती मधेच बदलली की शंका वाढते. तुम्ही आत्ता लिहिलंत तेच एका पानावर लिहा, १३८५ कधी सुरू कधी संपलं, १ जानेवारी का पडला, आई काय म्हणते. ते पान फाइलला जोडायचं. अफगाण फाइल्समध्ये १ जानेवारीला जन्मलेल्यांची जत्रा असते, बघणाऱ्यांनाही ते माहीत आहे.

वयाचं म्हणाल तर कॅनडात बावीसच्या आतलं अविवाहित मूल आईवर अवलंबून धरतात आणि अर्ज पोचला त्या दिवशीचं वय गोठवतात. जून २०२४ ला तो सतरा असो का अठरा, बसतो. ही मर्यादा मधे एकोणीसवर आणली होती, २०१७ मध्ये परत बावीस झाली. एकोणीसच राहिली असती आणि अर्ज एक वर्ष उशिरा गेला असता तर तुम्हाला आत्ता या महिन्यांवरून रात्र रात्र झोप लागली नसती.

त्यावरून तुमच्या सह्यांच्या प्रश्नाकडे येतो. एका सहीने काही होत नाही हे खरंच. पण ती बावीसची मर्यादा परत आली त्यामागे लोकांचा, संस्थांचा रेटा होता. जाहीर न केलेल्या कुटुंबीयांना कायमचं बाद करणारा जो नियम सांगितला त्याविरुद्ध कॅनेडियन कौन्सिल फॉर रेफ्युजीज वर्षानुवर्षं ओरडत होती, तेव्हा कुठे २०१९ मध्ये काहींना सूट देणारी योजना आली, नियम पुस्तकात तसाच आहे. आणि हे पाच जणांनी स्पॉन्सर करणं तरी कुठून आलं, १९७९-८० मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून पळालेले साठ हजार लोक कॅनडाने घेतले त्यात निम्म्याहून जास्त असे साध्या माणसांनी, चर्चच्या मंडळांनी, गल्लीतल्या लोकांनी घेतले. त्यासाठी १९८६ ला रेफ्युजींसाठीच्या कामाचं नानसेन पदक अख्ख्या कॅनडाच्या जनतेला दिलं.

उलटं पण होतं. ब्रिटनमध्ये एकटं पोचलेलं अल्पवयीन रेफ्युजी मूल स्वतःच्या आईबापांना बोलावू शकत नाही, हा नियम बदलावा म्हणून संस्था कधीपासून मागे लागल्यात, २०१८ मध्ये एक खासगी विधेयक दुसऱ्या वाचनापर्यंत पास झालं आणि मग तिथेच कुजलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी रेफ्युजींच्या फॅमिली रीयुनियनचे नवीन अर्जच घेणं थांबवलं. जर्मनीने जुलै २०२५ पासून दोन वर्षांसाठी, ज्यांना पूर्ण रेफ्युजी दर्जा नाही पण त्याखालचं संरक्षण आहे त्यांचं कुटुंब आणणं थांबवलं. अमेरिकेचा रेफ्युजी घ्यायचा कार्यक्रम जानेवारी २०२५ पासून जवळजवळ ठप्प. कॅनडानेही ग्रुप ऑफ फाइव्हचे नवीन अर्ज २९ नोव्हेंबर २०२४ पासून बंद ठेवले, तुमच्या मुलीचा अर्ज पाच महिने आधी गेला म्हणून वाचला.

म्हणून संस्था पत्रं लिहायला सांगतात. जगातल्या रेफ्युजींपैकी वर्षाला एक टक्क्याहून कमी लोकांना रीसेटलमेंट मिळते, आणि ती हक्क म्हणून मागता येत नाही, देश देतील तेवढीच. आपण तर १९५१ च्या रेफ्युजींच्या करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे इथे त्यांना कायमचं राहण्याची वाटही नाही. बाईची एकच दोरी आहे ती हॅमिल्टनची.

मुलीला सांगा छापील ईमेलवर नुसती सही करू नकोस, तिच्या मतदारसंघातल्या खासदाराला स्वतःच्या शब्दात लिही, की आम्ही पाच मतदार, आमची फाइल, नवरा हेरातला, बायोमेट्रिक कुठे द्यायचं ते सांगा. तिथल्या खासदाराच्या ऑफिसात इमिग्रेशनच्या फाइल्स बघायलाच माणूस बसलेला असतो. हजार सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा हे एक पत्र तिथे वाचलं जातं. तुम्ही इथून सही केलीत तर चालेल पण त्यांच्यासाठी तुम्ही मतदार नाही.

दांडियाबाजार (बडोदा)

त्या पत्रात नवऱ्याचं नाव, गावाचं नाव टाकू नका बरं का. फाइल नंबर पुरे. आमच्या पोराचा फोटो एका संस्थेने उत्साहात फेसबुकवर टाकला होता, 'या जोडप्याला एकत्र आणा' वगैरे, आणि तिकडे बायकोच्या भावाला गल्लीत विचारणा सुरू झाली. काढायला लावला. मदत करणाऱ्यांना गोष्ट हवी असते, आणि गोष्टीतल्या माणसाला लपून राहायचं असतं.

पलसीकरवाला भिया (इंदूर)

हे मात्र शंभर टक्के. आमच्या शेजाऱ्याने पण पेपरवाल्याला एकदा बोलून मग आठ दिवस तोंड लपवलं.

काकू दिल्लीला जाणार असाल तर सांगा, माझा साडू निझामुद्दीनला असतो.

लोकमान्यनगरची काकू (इंदूर)

मुलीशी बोलले काल रात्री, म्हणजे तिची सकाळ. पाचही जणांची मीटिंग झाली आणि सांगायचं ठरलं. जो थांबा म्हणत होता त्याला मी सरळ म्हटलं बेटा उद्या ती बाई तुमच्या विमानतळावर उतरेल आणि तुम्ही तिला सांगणार का की नवऱ्याला विसर? गप्प झाला. मग म्हणाला आंटी बजेट वाढेल. ते वाढणारच. मी म्हटलं थोडं मी देते, साफबात भाऊंनी ए-टू फॉर्म शिकवलाय.

बाईला फोन केला. तिला भीती वाटतेच आहे, गल्लीतल्या बायका अजून तेच सांगतात. मी म्हटलं मी येते, सोबत जाऊ. संध्याकाळच्या गाडीने निघून सकाळी निझामुद्दीनला उतरले की भोगल समोरच. भिया, साडूंना त्रास नको, नणंद रुसेल.

जन्मसनाचं पान मराठीत लिहून झालंय, इंग्रजी मुलगी करेल. त्यात १३८५ चा तक्ता पण काढलाय, महिन्यावार. वकीलसाहेब, पान तुम्हाला पाठवते, एकदा नजर टाका. आणि बाईने विचारलंय की नवऱ्याशी पहिला कॉल झाला तो चुलतभावाच्या फोनवर, एकवीस मिनिटं, त्याचा स्क्रीनशॉट तिच्याकडे नाही तर चुलतभावाकडून मागवला तर चालेल ना?

कुतुबमिनारखाली (मूळ इंदूर, आता दिल्ली)

चालेल. त्यात तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, आणि तो फोन कुणाचा ते चुलतभावाने दोन ओळी लिहून सही करायची. दिल्लीला कधी येताय ते कळवा, मी वसंत विहारला येतो. येताना शेव आणा, रतलामी नको, लवंगाची आणा.